तीन खाचांची गोळी

डबी उलटी केली. कातड्यावर अकरा.
पुन्हा मोजल्या. अकराच.
मोजल्यानं वाढतात असं कुणी सांगितलेलं नाही,
तरी मोजते, रोज रात्री,
दिव्याची वात बारीक करून.

हेलिकॉप्टर ऑक्टोबरात यायचं होतं.
डिसेंबरात आलं, दारू घेऊन.
बंदुकीची नव्हे, बाटलीतली.
शिवाय एक साहेब, त्याला गोठलेल्या नदीचा फोटो हवा होता.
काडतुसं? पुढच्या खेपेला, म्हणाला.
फर विकत घेणारं सरकारी केंद्रही
पुढच्या खेपेलाच उघडणार होतं.
त्याला आता तिसरा हिवाळा.

प्रोकोपीची दुनळी बरी.
तिचं पितळ परत भरता येतं.
टोपी बदलायची, दारू ओतायची,
लार्चच्या खोडात रुतलेलं शिसं सुरीनं उकरून
चुलीवर वितळवायचं.
माझ्या मेलकाश्काचं तसं नाही.
हिच्या गोळीचा जीव बुडाच्या काठात,
नखाएवढ्या पातळ कडेत.
एकदा ठोका बसला की उरतं रिकामं पितळ,
पोरांनी ओठाला लावून फुंकायला.

म्हणून सशाला आता तारेचा फास.
रानकोंबड्यांना घोड्याच्या केसांचा.
खारीला मी डोळ्यात मारायची,
कातडं अखंड राहावं म्हणून,
आणि सासरे बघत असायचे म्हणून.
आता खारीचा भाव गोळीच्या भावाखाली गेला.
त्या हल्ली माझ्या डोक्यावर बसून
माझ्याच टोपीवर सालं टाकतात.
त्यांनाही कळलं असावं.

गोळी फक्त सेबलला.
तेही झाडावर, वारा पडलेला, पन्नास पावलांच्या आत.
आणि दोन बाजूला.
वाटेत नदी पोकळ असते कुठेकुठे,
वरून बर्फ, खाली नुसती हवा.
रेनडियरचा पाय मोडला
तर त्याला रात्रभर तसंच ठेवायचं नसतं.
त्या दोन मी मोजत नाही.
म्हणजे मोजते, पण दुसऱ्या हाताच्या बोटांवर.

मंगळवारी पाल्मा भुंकली, तिचं ते खास भुंकणं,
एका सुरात, वर बघून.
सेबल होतं. काळं, घशाशी पिवळं,
फांदीवर असं बसलेलं की जणू मलाच ताटकळत ठेवलंय मी त्याला.
गोळी काढली अंतर्वस्त्राच्या खिशातून, ऊबदार.
नेम धरला. टक्.
नुसतंच टक्.
खटका उघडला, गोळी जराशी फिरवली,
कडेचा दुसरा भाग ठोक्यासमोर आणला.
टक्.
परत फिरवली. पाल्मा माझ्याकडे बघायला लागली.
टक्.
सेबलनं पुढचे पाय चाटले
आणि सावकाश, शेजारच्या झाडावर,
मग त्याच्या शेजारच्या,
मग नुसता बर्फ सांडत राहिला ओळीनं.
मी हसले. त्या थंडीत दात दुखेपर्यंत.

रात्री झिनाइदा आली, बारा मैल, स्कीवर.
बसली, चहा प्यायली, दुसरा प्यायली,
तिसऱ्या कपात म्हणाली:
इनोकेंती उठत नाही छाती धरून.
एक दे. वसंतात दोन परत करीन.
वसंतात कुणाकडे दोन असणार, ते आम्हा दोघींना माहीत.

दिवा विझत आला होता.
हात डबीत.
अंधारात अंगठ्याला लागली लगेच,
कडेला तीन खाचा, सुरकुतल्यासारख्या.
गोळी ती गोळीच. झिनाइदाचे डोळे अधू.
बोटांत धरून बसले थोडा वेळ.
विस्तवात चरबीचा तुकडा टाकला,
तो चरचरला, पुढे काही बोलला नाही.

मग दुसरी दिली. गुळगुळीत कडेची.
तिनं ती जिभेखाली ठेवल्यासारखी
हातमोज्याच्या आत, तळव्याशी ठेवली,
आणि अंधारातच निघाली.

डबी उलटी केली. कातड्यावर नऊ.
आणि ती.
तिला मोजायचं की नाही
हे माझं अजून ठरत नाही.